जुन्या लॅपटॉपसाठी तयार मुक्तस्रोत बूट फर्मवेअर: इमेज निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरी-शाहूपुरीतून जुना थिंकपॅड किंवा डेल घ्यायचा, त्यातला कंपनीचा बायोस (बोर्डावरच्या फ्लॅश चिपमधला, यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) काढायचा आणि कोअरबूटवर आधारलेली तयार इमेज (त्या चिपवर लिहायची पूर्ण फाइल) चढवायची, असा बेत असणाऱ्यांसाठी हे पान आहे. इमेज स्वतः कशी बांधायची ते इथे नाही. तयार फाइलींच्या यादीत एकाच मॉडेलपुढे बऱ्याच फाइली दिसतात, आणि चुकीची उचलली की लॅपटॉप उठत नाही. म्हणून भर निवडीवर आहे. चढवण्याबद्दल लिहिलंय ते निवड तडीला जाण्यापुरतं.

कोअरबूट, लिब्रेबूट, सीबायोस, ग्रब. यातलं नेमकं काय उतरवायचं?

कोअरबूट हा पाया. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस या नावाने त्याची सुरुवात झाली, २००८ मध्ये नाव बदललं. तो रॅम, चिपसेट आणि बाकी हार्डवेअर जागं करतो आणि पुढचं काम दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. त्या दुसऱ्या प्रोग्रॅमला पेलोड म्हणतात. सीबायोस (जुन्या बायोससारखा वागणारा), ग्रब (लिनक्स उठवणारा), ईडीके२ (यूईएफआय, म्हणजे बायोसनंतरची नवी पद्धत, देणारा) हे सगळे पेलोड.

कोअरबूट प्रकल्प फक्त सोर्स देतो. तयार इमेज देतात ते त्याच्यावर उभे असलेले वेगळे प्रकल्प, आणि प्रत्येकाचं यंत्रांचं क्षेत्र ठरलेलं आहे. जुने थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि ऑप्टिप्लेक्स यांच्यासाठी लिब्रेबूट. एक्स२३० आणि त्याच्या भावंडांसाठी स्कल्स. क्रोमबुकसाठी मिस्टरक्रोमबॉक्स. एमएसआयच्या झेड६९० सारख्या नव्या डेस्कटॉप बोर्डांसाठी दाशारो. बूट होताना कोणी छेडछाड केली आहे का हे तपासणारी व्यवस्था हवी असेल तर हेड्स. त्यामुळे "कोणता प्रकल्प चांगला" यावर डोकं शिणवण्याआधी "माझा बोर्ड कोणाच्या यादीत आहे" ते बघा. बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं.

लिब्रेबूट आणि कॅनोबूट यांत काय फरक?

दोन्ही एकाच विकसकाचे. कॅनोबूटमध्ये प्रोसेसरचा मायक्रोकोडसुद्धा (प्रोसेसरमधल्या चुका दुरुस्त करणारी निर्मात्याची बंदिस्त, म्हणजे सोर्स न मिळणारी, फाइल) नसतो, म्हणून त्याची यंत्रांची यादी छोटी. लिब्रेबूटने २०२२ च्या अखेरीस धोरण बदललं: जिथे बंदिस्त फाइल टाळता येते तिथे टाळायची, टाळता येत नाही तिथे कमीत कमी ठेवायची. रोजच्या वापराला आमची शिफारस लिब्रेबूट. नवा मायक्रोकोड न दिल्याने प्रोसेसर पूर्णपणे मुक्त होत नाही, कारखान्यातून निघालेल्या चुकांसकट तो जुना मायक्रोकोड वापरत राहतो.

माझ्या लॅपटॉपवर चालेलच हे कशावरून ठरतं?

मॉडेलच्या पूर्ण नावावरून, आणि त्यात एका अक्षरालाही सूट नाही. थिंकपॅड टी४४०पी चालतो, टी४४०एस चालत नाही. दोन्ही इंटेलच्या हॅसवेल पिढीचे, पण टी४४०एसमध्ये इंटेल बूट गार्ड कारखान्यातच कायमचा चालू केलेला आहे. असा प्रोसेसर निर्मात्याची सही नसलेलं फर्मवेअर सुरूच करत नाही. चिप उत्तम लिहिली जाईल, पडताळणीही बरोबर येईल, आणि स्क्रीन काळीच राहील. टी४८० आणि टी४८०एसही बूट गार्डवाले आहेत, पण तिथे इंटेल एमईच्या (इंटेल यंत्रांत मुख्य प्रोसेसरपासून वेगळा चालणारा छोटा संगणक) जुन्या आवृत्तीतली त्रुटी वापरून तो अडसर ओलांडणारं डीगार्ड नावाचं साधन निघालं, म्हणून ते यादीत आले.

डेलमध्ये वेगळाच सापळा आहे. ऑप्टिप्लेक्स ७०१० हे नाव डेलने दोनदा वापरलंय. २०१२ च्या सुमाराचा आयव्ही ब्रिजवाला ७०१० लिब्रेबूटच्या यादीत आहे. २०२३ मध्ये तेरावी पिढी घालून आलेला ७०१० हे पूर्ण वेगळं यंत्र आहे. दुकानदाराच्या फलकावर दोन्ही "७०१०"च असतात. प्रोसेसरची पिढी विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.

ग्राफिक्सही बघा. डेल लॅटिट्यूड ई६४०० इंटेल ग्राफिक्सचा मिळतो तसा एनव्हिडियाचाही मिळतो आणि दोघांच्या इमेज वेगळ्या आहेत. एनव्हिडियावाल्याला निर्मात्याची व्हीजीए रॉम (स्क्रीन जागी करणारी) फाइल लागते, इंटेलवाल्याला काहीच लागत नाही. पर्याय असेल तर डोळे झाकून फक्त इंटेल ग्राफिक्सचा घ्या. तो नियम जवळपास सगळ्या जुन्या लॅपटॉपांना लागू आहे.

दुकानात यंत्र हातात घेतल्यावर काय तपासायचं?

चालू करून कंपनीच्या बायोसमध्ये जा. मॉडेल, रॅम, बायोसची आवृत्ती यांचा फोनवर फोटो काढा. लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह सोबत न्या आणि वायफाय, कीबोर्ड, दोन्ही रॅम स्लॉट चालतात का बघा. यंत्र आधीपासून बिघडलेलं असेल तर नंतर दोष कोणाचा हे शोधण्यात आठवडा जातो. बिल मागा, बायोसला पासवर्ड असलेलं आणि बिल नसलेलं यंत्र घेऊ नका.

कोल्हापुरात आणखी एक तपासणी हवीच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेली आणि वाळवून चालू केलेली यंत्रं बाहेरून ओळखू येत नाहीत. मागचं झाकण उघडू दिलं तर फ्लॅश चिपचे पाय आणि आजूबाजूचे बारीक घटक टॉर्चच्या उजेडात बघा. पांढुरकी भुकटी किंवा हिरवट डाग दिसला तर सोडून द्या. तशा पायांवर क्लिप (बाहेरून चिप वाचता-लिहिता यावी म्हणून तिचे पाय धरणारा चिमटा) नीट बसत नाही, आणि चिपचं वाचन दर वेळी वेगळं येतं.

फाइलचं लांबलचक नाव कसं वाचायचं?

नाव डावीकडून उजवीकडे, एकेक तुकडा तोडून वाचा. लिब्रेबूटची एखादी फाइल अशी असते: सीग्रब, एक्स२३०, १२एमबी, लिबजीएफएक्सइनिट, कोअरबूटएफबी, यूएसक्वर्टी. सगळे तुकडे अधोरेषेने जोडलेले.

पहिला तुकडा पेलोड. दुसरा बोर्ड. तिसरा चिपची एकूण क्षमता. चौथा, स्क्रीन कोण जागी करणार: लिबजीएफएक्सइनिट म्हणजे एडा भाषेच्या स्पार्क प्रकारात लिहिलेला मुक्त कोड, त्याच्या जागी व्हीजीएरॉम असेल तर निर्मात्याची बंदिस्त फाइल. पाचवा, स्क्रीनची पद्धत. शेवटचा, कीबोर्डची मांडणी.

यातले दुसरा आणि तिसरा तुकडा चुकले तर यंत्र मेलं. बाकीचे चुकले तर गैरसोय होईल, पण ते नंतर बदलता येतात. वेळ कुठे घालवायचा ते यावरून ठरवा. एक्स२३० साठी एक्स२३०टी (टॅब्लेट प्रकार) किंवा एक्स२३०ईडीपी (नवा फुल एचडी पॅनल जोडलेला) अशाही फाइली दिसतील. साध्या एक्स२३० ला त्या नकोत. एक्स२३० च्याच नावापुढे १६एमबी दिसलं तर ती मोठी चिप झाळलेल्यांसाठी आहे.

चिपची क्षमता कशी ओळखू?

चिपवरचा छापील क्रमांक वाचा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून, तिरप्या उजेडात. विनबाँडच्या चिपवर २५क्यू६४ दिसलं तर ६४ हा आकडा मेगाबिटचा आहे. आठाने भागा, ८ मेगाबाइट. तसंच ३२ म्हणजे ४, आणि १२८ म्हणजे १६. "६४ एमबीची चिप आहे" असं समजून चुकीची फाइल शोधत बसणारे बरेच असतात.

त्याच क्रमांकात व्होल्टेजही लपलेलं असतं. मॅक्रोनिक्सच्या चिपवर २५एल असेल तर ती ३ व्होल्ट वर्गातली, २५यू असेल तर १.८ व्होल्टची. १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्ट दिले की ती जळू शकते. वर सांगितलेल्या थिंकपॅडांत ३.३ चीच चिप असते. नव्या क्रोमबुकांत सावध राहा.

थिंकपॅड एक्स२००, टी४०० यांच्यात चिप ४ किंवा ८ मेगाबाइटची निघते. आठ पायांची असेल तर बहुधा ४, सोळा पायांची असेल तर ८. दोन्हींना क्लिप वेगळी लागते. म्हणून आधी यंत्र उघडा, मग क्लिप मागवा आणि मगच फाइल उतरवा.

एक्स२३० मध्ये दोन चिप दिसतात. मग फाइल कोणती?

फाइल १२ मेगाबाइटची एकच, पण ती दोन तुकडे करून लिहायची. हाताच्या टेकूखाली दोन चिप आहेत: स्क्रीनच्या बाजूची ४ मेगाबाइटची, तुमच्या बाजूची ८ मेगाबाइटची. पूर्ण फाइलचे पहिले ८ मेगाबाइट खालच्या चिपवर, उरलेले ४ वरच्या चिपवर. लिनक्समध्ये डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेला ब्लॉकचा आकार एक मेगाबाइट सांगायचा, पहिल्या तुकड्यासाठी आठ ब्लॉक मोजायचे आणि दुसऱ्यासाठी आठ ब्लॉक वगळायचे. तुकडे झाल्यावर त्यांचा आकार बघा: ८३,८८,६०८ आणि ४१,९४,३०४ बाइट. एक बाइटही इकडेतिकडे चालत नाही.

टी४३० आणि टी४४०पी यांचीही मांडणी हीच, ८ आणि ४. एक्स२२० आणि टी४२० मध्ये मात्र ८ मेगाबाइटची एकच चिप.

दोन चिप शेजारीशेजारी असल्यामुळे क्लिप चुकीच्या चिपवर लागणं ही इथली नेहमीची चूक. लिहिण्याआधी वाचन करून घ्या. फ्लॅशप्रॉग (चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅम) चिपचं नाव आणि क्षमता सांगतो. ८ अपेक्षित असताना ४ दिसलं तर क्लिप हलवा.

सीबायोस घ्यायचा की ग्रब?

पहिल्यांदा करत असाल तर सीग्रब. त्यात आधी सीबायोस सुरू होतो आणि मग चिपमध्येच असलेला ग्रब उघडतो. ग्रबमध्ये काही बिघडलं तरी एस्केप दाबून सीबायोसच्या यादीतून पेनड्राइव्ह निवडता येतो. थेट ग्रबवाल्या इमेजमध्ये ही पळवाट नसते.

ग्रबचा खरा उपयोग पूर्ण डिस्क कूटबद्ध असेल तेव्हा. बूट विभागही कूटबद्ध ठेवता येतो, कारण कुलूप उघडणारा ग्रब डिस्कवर नसून चिपमध्ये असतो. नवे लिनक्स इन्स्टॉलर लक्स२ (डिस्क कूटबद्ध करण्याची पद्धत) आणि आर्गॉन२ (पासवर्डपासून किल्ली बनवण्याची पद्धत) वापरतात. मूळ ग्रबला आर्गॉन२ कळत नव्हतं, लिब्रेबूटने स्वतःच्या ग्रबमध्ये ते जोडलं. त्यामुळे दुसरीकडून घेतलेली ग्रबवाली जुनी इमेज तुमची डिस्क उघडू शकणार नाही असं होऊ शकतं.

डिस्क कूटबद्ध नसेल आणि फक्त उबंटू किंवा डेबियन चालवायचं असेल तर साधा सीबायोस पुरतो.

डिस्कचा पासवर्ड मराठीत ठेवलाय. बूट होताना टाकता येईल?

नाही. डेस्कटॉपवर इनस्क्रिप्टमध्ये टंकलेला देवनागरी पासवर्ड ग्रबच्या पडद्यावर टंकायची सोयच नाही. इमेज चढवण्याआधी, जुना बायोस चालू असतानाच, लक्समध्ये दुसरी किल्ली जोडा, ज्यात फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतील. ती चालते याची खात्री करून घ्या. लक्समध्ये एका डिस्कला अनेक किल्ल्या ठेवता येतात, त्यामुळे जुनी काढायची गरज नाही.

याच कारणाने नावातला शेवटचा तुकडा महत्त्वाचा. आपल्याकडचे कीबोर्ड यूएसक्वर्टी मांडणीचे असतात. चुकून यूकेक्वर्टी मांडणी घेतली तर अक्षरं जुळतील, पण काही चिन्हं दुसऱ्याच कळीवर जातील, आणि पासवर्ड दिसत नसल्यामुळे चूक कळणार नाही.

टेक्स्टमोड आणि कोअरबूटएफबी, फरक काय पडतो?

कोअरबूटएफबी स्क्रीन पूर्ण रेझोल्यूशनवर आणतो, मेनू नीट दिसतो. तोच घ्या. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवताना किंवा एखाद्या जुन्या इन्स्टॉलरचा मेनू विस्कटलेला किंवा गोठलेला दिसला, तर टेक्स्टमोडची इमेज हवी.

इमेजमध्ये फाइली भराव्या लागतात म्हणतात, ते काय आहे?

हा टप्पा वगळल्यामुळे जितकी यंत्रं अडकतात तितकी दुसऱ्या कशानेही अडकत नसतील, म्हणून सावकाश वाचा.

सँडी ब्रिज (इंटेल प्रोसेसरची एक पिढी) आणि त्यानंतरच्या इंटेल यंत्रांना इंटेल एमईचं फर्मवेअर काही प्रमाणात तरी लागतं. ते पुन्हा वाटायचा परवाना लिब्रेबूटकडे नाही. म्हणून प्रकाशित इमेजमधून ते काढलेलं असतं. तुम्ही तुमच्या लिनक्सवर प्रकल्पाची स्क्रिप्ट चालवता, ती निर्मात्याच्या अधिकृत अपडेटमधून हव्या त्या फाइली उतरवते, एमईचं बरंचसं अंग छाटते, राहिलेलं इमेजमध्ये बसवते आणि चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघते. या कामाला इंजेक्ट म्हणतात. उतरवलेली संग्रह फाइल न उघडता तशीच स्क्रिप्टला द्यायची. बाहेर काढलेली एकटी रॉम (इमेज) फाइल देऊन लोक घोळ करतात. चेकसम जुळला नाही तर स्क्रिप्ट थांबते. तिथे जबरदस्ती करू नका, बोर्डाचं नाव किंवा आवृत्ती चुकली आहे का ते बघा.

न भरलेली इमेज चढवली तर दोनपैकी एक होतं. यंत्र उठतच नाही, किंवा उठतं, छान चालतं आणि बरोबर तीस मिनिटांनी धाडकन बंद पडतं. दुसरा प्रकार फार फसवा. लोक बॅटरी बदलतात, पंखा साफ करतात, रॅम बदलतात. एमई सापडली नाही की अर्ध्या तासाने यंत्र बंद करायचं, अशी इंटेलचीच रचना आहे. घड्याळ लावून बघा. तीस मिनिटं भरली की शंका उरत नाही.

एक्स२००, टी४०० आणि इंटेल ग्राफिक्सचा ई६४०० या जीएम४५ चिपसेटच्या यंत्रांत एमई पूर्ण काढता येते, भरायला काहीच लागत नाही. शिकण्यासाठी पहिलं यंत्र घ्यायचं तर यातलंच घ्या. त्यातही ई६४००, कारण तो उघडावाही लागत नाही: डेलची लिहिण्याची बंदी सोडवणारं छोटं साधन चालवायचं, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं, साधन परत चालवायचं आणि आतूनच इमेज चढवायची.

चढवताना फ्लॅशप्रॉग "फाइलचा आकार चिपशी जुळत नाही" म्हणाला, तर आकार जबरदस्तीने जुळवू नका. भरण्याचा टप्पा राहिलाय का ते आधी बघा.

मॅक पत्त्याचं काय?

नेटवर्क कार्डाचा पत्ता या यंत्रांत त्याच फ्लॅश चिपच्या ८ किलोबाइटच्या भागात असतो. तयार इमेजमध्ये तिथे सगळ्यांना एकच नमुना पत्ता असू शकतो. घरी एकच यंत्र असेल तर जाणवणार नाही. पण एखाद्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये दहा ऑप्टिप्लेक्सवर तीच फाइल चढवली आणि सगळे एका स्विचला जोडले, की कधी हा तर कधी तो नेटवर्कवरून गळतो, आणि केबल, स्विच, राउटर तपासण्यात दिवस जातो. मूळ पत्ता यंत्राच्या स्टिकरवर किंवा जुन्या बायोसमध्ये दिसतो. तो टिपून ठेवा आणि फाइली भरतानाच त्याच स्क्रिप्टला द्या. दहा यंत्रं असतील तर दहा वेगळ्या फाइली होतील. प्रत्येकीच्या नावात पत्त्याचे शेवटचे चार अंक घाला.

उतरवलेली फाइल खरी आहे हे कसं कळणार?

एसएचए५१२ चा (चेकसमचा एक प्रकार) आकडा जुळवून बघा आणि त्या आकड्यांच्या फाइलवरची जीपीजी सहीही (प्रकल्पाची डिजिटल सही) तपासा. फक्त आकडा जुळवणं अपुरं आहे, कारण फाइल बदलणारा आकडाही बदलू शकतो. व्हॉट्सॲपवर किंवा कोणाच्या ड्राइव्हवरून आलेली "चालणारी" रॉम घेऊ नका. तिच्यात दुसऱ्याचा मॅक पत्ता असतो, आणि आणखी काय असतं ते कोणालाच सांगता येत नाही.

प्रोग्रॅमर कोणता घेऊ? सीएच३४१ए स्वस्त दिसतो.

प्रोग्रॅमर म्हणजे बाहेरून चिप वाचणारं-लिहिणारं उपकरण. सीएच३४१ए स्वस्त आहे, पण काळ्या पट्टीच्या सीएच३४१ए मध्ये एक जुना दोष आहे. चिपला वीज ३.३ व्होल्टची देतो, डेटाच्या तारांवर मात्र ५ व्होल्ट येतात. पुष्कळ चिपा ते सोसतात, काही मरतात, आणि कधी चिपऐवजी त्याच तारांवरचा चिपसेट दुखावतो. दुरुस्ती करता येते, पण झाळकामाचा हात हवा.

आमची शिफारस रास्पबेरी पाय पिको. त्याची पातळी मुळातच ३.३ व्होल्ट आहे, पिको-सरप्रॉग नावाचं फर्मवेअर त्यावर फाइल ओढून टाकण्याइतकं सोपं बसतं. सोबत चांगली क्लिप घ्या. पोमोनाची महाग असते पण घसरत नाही. तारा दहा-पंधरा सेंटिमीटरहून लांब ठेवू नका.

आठ पायांच्या चिपवर ठिपक्याशेजारचा पाय १: निवड, २: चिपकडून येणारा डेटा, ३: लेखनबंदी, ४: ग्राउंड. समोरच्या बाजूला ५: चिपकडे जाणारा डेटा, ६: क्लॉक, ७: होल्ड, ८: वीज. तीन आणि सात नंबरचे पाय लोंबते सोडले तर वाचन अधूनमधून बिघडू शकतं. तसं झालं तर ते ३.३ व्होल्टला जोडा.

ज्या यंत्रावर काम चाललंय त्याची बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढा. ज्या लॅपटॉपवरून लिहिताय तो चार्जरवर न ठेवता बॅटरीवर चालवा. पेठांतल्या जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंग नसणं नवीन नाही, आणि चार्जरमधून गळणारा करंट तारेवाटे थेट चिपपर्यंत पोचतो. बॅटरीवर असलात की मध्येच लाइट गेली तरी लिहिणं तुटत नाही.

मूळ चिपची प्रत किती वेळा घ्यायची?

किमान दोनदा, क्लिप काढून पुन्हा लावून तिसऱ्यांदा. तिन्ही फाइलींचा चेकसम तंतोतंत एक आला पाहिजे. आला नाही तर काहीही लिहू नका. क्लिप साफ करा, चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतंच), वेग कमी करा आणि पुन्हा वाचा. तिन्ही एकसारख्या आल्या तरी फाइल नुसती शून्यांची किंवा एफएफची भरलेली नाही ना ते हेक्स संपादकात बघा. सैल क्लिप तिन्ही वेळा सारखीच रिकामी फाइल देऊ शकते.

ही प्रत यंत्राबाहेर दोन ठिकाणी ठेवा. तिच्यात तुमच्या यंत्राचा मॅक पत्ता आणि त्याचा स्वतःचा एमई भाग आहे, जो इंटरनेटवर कुठेही मिळणार नाही.

आधी कंपनीचा बायोस अपडेट करावा का?

थिंकपॅडमध्ये करावा. कीबोर्ड, पंखा, चार्जिंग सांभाळणारा एम्बेडेड कंट्रोलर वेगळा असतो आणि त्याचं फर्मवेअर कंपनीच्या अपडेटमधूनच बदलतं. एकदा कोअरबूट बसलं की ती वाट बंद. टी४८० मध्ये थंडरबोल्ट पोर्टचं फर्मवेअरही आधीच अद्ययावत करा. जुन्या फर्मवेअरमुळे काही काळाने त्या पोर्टवरून चार्जिंग बंद पडतं. त्या बोर्डवर थंडरबोल्टची स्वतःची छोटी फ्लॅश चिपही आहे, बायोसची १६ मेगाबाइटची चिप समजून क्लिप तिच्यावर लावू नका.

बाजारातली साधी बॅटरी आणि दुसरं वायफाय कार्ड चालेल का?

वायफाय चालेल. ठरावीक कार्डांचीच यादी बायोसमध्ये असते, बायोस गेला की यादी गेली. बॅटरीची यादी मात्र एक्स२३० सारख्या यंत्रांत एम्बेडेड कंट्रोलरमध्ये असते, तिला कोअरबूट हात लावत नाही. जी साधी बॅटरी आधी चार्ज होत नव्हती ती नंतरही होणार नाही.

इमेज चढली, पडताळली, तरी स्क्रीन काळी. आता?

घाबरून लगेच पुन्हा लिहू नका. पहिल्या वेळी रॅमची जुळणी करायला वेळ लागतो, पूर्ण एक मिनिट थांबा. मग एकच रॅम ठेवून बघा, स्लॉट बदलून बघा. जीएम४५ यंत्रांना मिसळलेल्या रॅम पट्ट्या चालत नाहीत. स्टिकरवर २आरएक्स८ लिहिलेल्या, एकाच प्रकारच्या दोन पट्ट्या घ्या. बाहेरचा मॉनिटर जोडून बघा. तरीही काही नाही, तर चिप परत वाचून तुमच्या फाइलशी ताडा. जुळली तर इमेजची निवड चुकली आहे: बोर्ड, ग्राफिक्स की न भरलेल्या फाइली, याच क्रमाने शोधा.

टॅली, कोरलड्रॉ, मशीनचं डिझाइन सॉफ्टवेअर, सगळं विंडोजवर आहे. बसवू का?

नका बसवू. सीबायोस आणि लिबजीएफएक्सइनिटच्या जोडीवर विंडोज नीट चालेल याची खात्री नाही, आणि विंडोज ११ ला यूईएफआय लागतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातलं रोजचं यंत्र या प्रयोगासाठी नाही. त्यासाठी दुसरा जुना लॅपटॉप घ्या.

क्रोमबुकसाठी काय वेगळं आहे?

मिस्टरक्रोमबॉक्सची स्क्रिप्ट बोर्ड स्वतः ओळखते, त्यामुळे फाइल निवडायची चूक होत नाही. निवड दोनच गोष्टींची: आरडब्ल्यू लेगसी घेतलं तर क्रोमओएस राहतं, पूर्ण यूईएफआय रॉम घेतली तर जातं. पूर्ण रॉमसाठी लेखनबंदी काढावी लागते. जुन्या यंत्रांत तो एक स्क्रू असतो, नव्यांपैकी अनेकांत बॅटरी सोडवून चार्जरवर यंत्र चालू करावं लागतं. स्क्रिप्ट मूळ फर्मवेअरची प्रत पेनड्राइव्हवर घेऊ का विचारते, तेव्हा हो म्हणा.

हेड्स घ्यावं का?

तुमच्या गैरहजेरीत कोणी यंत्र उघडेल अशी खरी भीती असेल तर. त्यासाठी टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा) चिप चालू हवी, आणि एचओटीपी नावाची इमेज घेतली तर तिला जुळणारी यूएसबी सुरक्षा किल्लीही हवी. दर कर्नल अपडेटनंतर बूट फाइलींवर सही करावी लागते. ते जमणार नसेल तर साधा सीग्रब ठीक.

नवी आवृत्ती आली की लगेच चढवू?

गरज नाही. स्थिर आवृत्ती घ्या, चाचणी आवृत्तीला हात लावू नका, आणि तुमच्या बोर्डाबद्दल दुरुस्ती आली असेल तरच बदला. पहिल्यांदा क्लिप लावून चढवलं की पुढचे बदल आतून करता येतात. लिनक्स कर्नलला आयोमेम=रिलॅक्स्ड हा पर्याय देऊन बूट करायचं, नाहीतर फ्लॅशप्रॉगला चिप दिसत नाही. ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये मूळ बायोसची लेखनबंदी सोडवायला बोर्डवर सर्व्हिस मोडचा जंपर असतो. प्रत्येक वेळी फाइली भरणं आणि मॅक पत्ता देणं पुन्हा करायचं, आधीच्या वेळचं त्यात येत नाही.

मूळ बायोसवर परत जाता येतं का?

येतं, तुम्ही घेतलेली प्रत असेल तर. तीच फाइल, तीच क्लिप, दोन चिपा असतील तर दोन्ही प्रती त्यांच्या-त्यांच्या चिपवर. लिहून झाल्यावर पडताळणी होऊ द्या, क्लिप काढा, एकच रॅम लावून चालू करा आणि घड्याळाची तारीख दुरुस्त करा. कंपनीच्या बायोसचा जुना पासवर्ड असेल तर तोही परत विचारला जाईल.